लिंबं, संत्री, पाच अंडी आणि काळी चार

प्रश्न दोंडाईच्याच्या एका मुलीचा आहे. ती पुण्यात नर्सिंग शिकते, तिथल्या क्वायरमध्ये अल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, गाते. तिनं विचारलंय ते असं: "काका, यंदा नाताळला आम्ही अमेरिकन कंपोझर मॉर्टेन लॉरिडसनचं 'ओ मॅग्नम मिस्टेरियम' बसवतोय. सर म्हणाले हे त्यानं फळांचं एक चित्र बघून केलं. लिंबं-संत्री बघून येशूजन्माचं गाणं कसं काय सुचतं? आणि त्यात आम्हा अल्टोंना एक असा सूर आहे की दर वेळी वाटतं आपणच चुकलो. तुमचं ते 'पेंढ्या' गाणं पण असंच काही बघून सुचलं का?"

बेटा, तुझे तिन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेत म्हणून एकदमच सांगतो, लांबेल जरा, चहा घेऊन बस. मी काही मोठा कंपोझर वगैरे नाही, धुळ्याला शाळेत संगीत शिकवत आलो आणि सत्तावीस वर्षं चर्चची क्वायर बसवतोय, त्यात दोन-चार गोष्टी स्वतःच्या केल्या त्यातली एक लोकांना बरी वाटली एवढंच. पण बसवता बसवता माणूस गाणं आतून बघतो, शिंपी जसा दुसऱ्याचा शर्ट उलटा करून शिलाई बघतो तसं, त्या हिशोबानं सांगतो.

आधी शब्द बघ, कारण तुम्ही लॅटिनमध्ये गाताय आणि निम्म्या मुलींना आपण काय म्हणतोय ते माहीत नसणार. नाताळच्या रात्रीच्या प्रार्थनेतला फार जुना मजकूर आहे तो. अर्थ साधारण असा की केवढं हे रहस्य, काय हे नवल, गव्हाणीत निजलेल्या नवजात प्रभूला जनावरांनी पाहिलं, धन्य ती कुमारी, जिच्या उदराला ख्रिस्ताला वाहण्याची योग्यता मिळाली, हालेलूया. संपलं. आपल्या गावाकडच्या माणसाला हे लगेच कळतं, गोठ्यात बाळंत झालेली बाई आणि शेजारी रवंथ करणारे बैल, त्याला काही समजावून सांगावं लागत नाही. यावर शेकडो वर्षं लोक चाली लावत आलेत, स्पेनच्या व्हिक्टोरिया नावाच्या कंपोझरची १५७२ ची आहे, फ्रान्सच्या पुलांकची १९५२ ची. म्हणजे लॉरिडसन बसला तेव्हा समोर कोरा कागद नव्हता, दिग्गजांनी आधीच लिहून ठेवलेलं होतं. आणि ते काम त्याला आतून काही उमाळा आला म्हणून नाही मिळालं, ऑर्डर होती. लॉस एंजेलिस मास्टर कोराल म्हणून मोठी क्वायर आहे, तिच्या संचालक मंडळातल्या एकानं बायकोच्या सन्मानार्थ ते करून घेतलं, आणि १८ डिसेंबर १९९४ ला ते पहिल्यांदा गायलं गेलं. लोकांना वाटतं प्रेरणा म्हणजे रात्री तीन वाजता देवदूत येतो, इथे तारीख ठरलेली होती, क्वायर ठरलेली, शब्दही ठरलेले. राहिलं होतं ते बाकीचं सगळं!

आता चित्र. फ्रान्सिस्को दे झुर्बारान, स्पेनचाच, त्यानं १६३३ मध्ये काढलेलं, आता कॅलिफोर्नियात पॅसाडिनाच्या नॉर्टन सायमन म्युझियममध्ये आहे. मोबाईलवर उघड आणि ब्राइटनेस पूर्ण कर. एक टेबल, त्यावर डावीकडे ताटलीत लिंबं, आपली कागदी नाहीत, ती मोठी महाळुंगासारखी. मधे टोपलीत संत्री, वर पानं आणि फुलं लागलेली. उजवीकडे ताटलीत पाण्याचा एक पेला आणि पेल्याशेजारी गुलाब. मागे मिट्ट काळोख. बस. माणूस नाही, देवदूत नाही, मरिया तर कुठेच नाही. पण धार्मिक चित्रांची भाषा ज्यांना येत होती त्यांच्यासाठी ते टेबल म्हणजे वेदी आहे आणि वरच्या वस्तू म्हणजे मरियेला वाहिलेलं दान, गुलाब तिच्या प्रेमाचा, पाणी तिच्या शुद्धतेचं, फुलं लागलेली संत्री म्हणजे नवं जीवन. लॉरिडसननं २००९ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये स्वतः यावर लिहिलंय, म्हणून ही ऐकीव गोष्ट नाही.

आता ह्या चित्राचा एक्सरे काढला तेव्हा काय दिसलं माहितीये का? झुर्बाराननं आधी त्या टेबलावर अजून एक ताटली काढली होती, रताळ्यांची. मग त्यानं तिच्यावर रंग फिरवून ती काढून टाकली. माझ्या मते अख्ख्या गोष्टीत हीच सगळ्यात कामाची माहिती आहे. रताळी काही वाईट काढली नसणार, तो माणूस वाईट काढणाऱ्यातला नव्हता, पण ती ठेवली असती तर टेबल बाजार झाला असता.

तर लिंबं बघून चाल कशी सुचते याचं उत्तर हे की चाल सुचतच नाही. चित्रातून सूर निघत नाहीत. चित्रानं त्याला हे दाखवलं की गोष्ट केवढी कमी असू शकते. गाणं उघडून बघ, बहुतेक सगळं साधं आहे, हार्मोनियमच्या पांढरी दोनचा मेजर स्केल, म्हणजे डी, आणि त्यातल्या अगदी रोजच्या कॉर्ड्स, म्हणजे एकदम लागणारे सूर. गंमत फक्त मांडणीत आहे. सुरुवातीलाच बास, म्हणजे पुरुषांचा सगळ्यात खालचा आवाज, सा वर नाहीये, ग वर आहे, म्हणून ती कॉर्ड जमिनीवर बसत नाही, पाण्यावर ओंडका तरंगतो तशी तरंगते. ताल पण ठोक नाही, मात्रा बदलत राहतात कारण शब्द जसे बोलले जातात तसे चालायचेत. फोर पार्ट, म्हणजे बायकांचे सोप्रानो-अल्टो आणि पुरुषांचे टेनर-बास, साथीला वाद्य नाही, सहा-साडेसहा मिनिटं. लिंबं, संत्री, पेला. मागे काळं.

आणि मग गुलाबाच्या जागी तुमचा तो सूर.

'बेआता व्हिर्गो' येतं, धन्य कुमारी, तिथे 'व्हिर्गो' वर अल्टोला 'जी शार्प' (G#) हा सूर आहे, आपल्या हार्मोनियमची काळी चार. अख्ख्या गाण्यात स्केलच्या बाहेरचा तेवढा एकच सूर, तुम्ही सहा मिनिटं गाता त्यात बाहेरचा माणूस तो एकटा. लॉरिडसननं लिहिलंय की मरियेच्या त्या ओळीवर तो बराच अडकला होता, तिची धन्यता आणि पुढे मुलगा क्रुसावर जाणार ते दुःख, दोन्ही एकदम कसं दाखवायचं, आणि शेवटी उत्तर निघालं ते हा एक सूर. त्याच्या मते गाण्यातला सगळ्यात महत्त्वाचा सूर हाच. म्हणजे बेटा, तुला दर वेळी वाटतं की आपण चुकलो, ते तसं वाटायलाच ठेवलंय. तुमच्या सरांनी हे पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं, नाहीतर अर्ध्या अल्टो भीतीनं पांढरी पाचवर घसरतात, म्हणजे साध्या शुद्ध मध्यमावर, आणि मग ते गोड गाणं राहतं, दुसरं काही राहत नाही. आमच्याकडे तेच झालं होतं. आम्ही हे गाणं एकदा प्रयत्न म्हणून घेतलं होतं तर साक्रीकडची एक अल्टो, शेतकरीण बाई, कानानं पक्की, तिनं सरळ थांबून सांगितलं, "दादा, हाई तं चुकेल वाटस." मी म्हटलं ताई, चुकेलच आहे, तसंच गा.

ह्या सुराला काय म्हणावं ते मी क्वायरला नवापूर स्टेशनवरून सांगतो. तिथलं ते बाकडं माहितीये ना, अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातेत, त्यावर बसून लोक फोटो काढतात. काळी चार म्हणजे त्या बाकड्याच्या बरोबर मधे बसलेला माणूस. मध्यमात नाही, पंचमात नाही. बाकीचे तिघं पार्ट आपापल्या राज्यात आरामात बसलेत, तू एकटी सीमेवर.

आता माझं 'पेंढ्या'. हे सांगताना मला थोडी लाज वाटते, कारण पहिला खर्डा म्हणजे चक्क चोरी होती आणि चोरी पण जमली नव्हती.

२०१९ चा नोव्हेंबर. त्या वर्षी दसऱ्यानंतर पाऊस थांबेचना, तुला आठवत असेल, फुटलेला कापूस झाडावरच काळा पडला, ज्वारीच्या कणसाला तिथेच कोंब आले. पिंपळनेरच्या पुढे डोंगराकडे एका गावात आमची क्वायर सुगीच्या उपासनेला गेली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सुगी निघाली की मंडळी शेतातलं पहिलं काहीतरी आणून वेदीपुढच्या टेबलावर ठेवतात, उपासना झाली की त्याचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात. एरवी टेबल वाकतं, भोपळे, तुरीच्या शेंगा, केळीचा घड, कोंबडे पाय बांधून खाली. त्या वर्षी टेबलावर पांढरी चादर जास्त दिसत होती. चार-पाच कणसं, थोडे भुईमुगाचे वेल मातीसकट, एक डांगर, पाळकांसाठी ठेवलेला स्टीलचा पाण्याचा गिलास, आणि एका म्हाताऱ्या बाईनं पदरातून सोडून ठेवलेली पाच अंडी. आम्ही लवकर पोचलो होतो, लाईट गेलेली, दार एकाच बाजूला उघडं, तिथून उजेड आडवा त्या टेबलावर, आणि मागची भिंत पूर्ण अंधारात. मी झुर्बारानचं चित्र तेव्हा अनेकदा बघितलेलं होतं, पण खोटं नाही सांगत, त्या क्षणी मला चित्र आठवलं नाही. मला आठवलं की गाड्या परत कधी निघणार. चित्र आठवलं ते रात्री हायवेवर, कुसुंब्याला चहा पीत असताना.

पण त्या आधी साक्षी झाल्या. साक्ष म्हणजे ज्याला जे सांगायचं ते उभं राहून सांगणं. ती अंडीवाली बाई उठली आणि एकच वाक्य बोलली, "मना कापूस काया पडना, पन कोंबडी अंडा देस." आणि बसली. मागे दोन पोरं हसली, म्हणजे हसण्यासारखं होतंच ते. लिलावात त्या पाच अंड्यांना एकानं पाचशे रुपये लावले आणि अंडी परत तिच्याच पदरात दिली, हे आपल्याकडे चालतं, सगळे समजून असतात.

घरी आल्यावर बायबलमध्ये स्तोत्र १२६ काढलं, रडत पेरायला गेलेले लोक आनंदानं पेंढ्या घेऊन येतात ते. शब्द जसेच्या तसे नाही घेतले, कारण बायबलचं मराठी वाचायला भारदस्त आहे पण चार पार्टमध्ये ताणायला अवघड. ही एक अडचण बाहेरच्यांना कळत नाही म्हणून सांगतो. लांब सूर फक्त स्वरावर धरता येतो, व्यंजनावर नाही, आणि मराठीत जोडाक्षरं भरपूर. 'अश्रू' म्हण आणि चार मात्रा धरून बघ, 'श्र' कुठे टाकायचा यावर तेवीस जणांची तेवीस मतं. 'आसवं' म्हण, आ मिळतो, तोंड उघडतं, गाणं आपोआप चालतं. जुनी परदेशी भजनं मराठीत आली त्यात हा घोळ खूप आहे, चाल तिकडची पक्की आणि शब्द इकडचे कोंबलेले, ऱ्हस्व जागी दीर्घ, दीर्घ जागी ऱ्हस्व. नारायण वामन टिळकांनी म्हणून उलटं केलं, ओवी-अभंग-भजन ही आपलीच भांडी घेतली आणि त्यात ख्रिस्त वाढला, आज १०० वर्षं होऊन गेली तरी लोक पाठ म्हणतात. मी म्हणून दोनच ओळी लिहिल्या: 'आसवं पेरत गेलो, पेंढ्या घेऊन आलो.' अख्ख्या गाण्याला एवढेच शब्द.

मग लॉकडाऊन लागला, क्वायर बंद, वेळच वेळ. चाल भूपात बांधली, सा रे ग प ध, कारण भूप म्हटला की आपल्याकडे लहान पोर पण सुरात येतं. आणि 'आसवं' वर मी हुशारी केली. लॉरिडसनसारखाच एक परका सूर, तोच, अल्टोला तीव्र मध्यम. कागदावर इतकं सुंदर दिसत होतं की मी स्वतःला शाबासकी दिली. दीड वर्षानं सगळे भेटलो, पहिल्याच दिवशी ते गायलो, 'आसवं' आलं, अल्टोनं काळी चार लावली, सगळ्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं आणि एक टेनर खुश होऊन म्हणाला, "वा, यमन!"

संपलं की सगळं. तिकडच्या कानाला मेजर स्केलमध्ये तो सूर काटा टोचल्यासारखा लागतो, आणि आपला कान लहानपणापासून यमन ऐकून तयार झालाय, आपल्याला तीव्र मध्यम म्हणजे संध्याकाळ, समई, मैफिलीचा पहिला राग. भूपात तीव्र म टाकला की दुःख नाही होत, नटवणं होतं. म्हणजे मी लॉरिडसनचा सूर आणला पण त्याचं कारण तिकडेच राहिलं. (व्हिर्गोला मात्र तो साक्रीच्या ताईलाही चुकल्यासारखा लागला, कारण तिथे आजूबाजूच्या कॉर्ड्स आणि चाल इतकी तिकडची आहे की राग डोक्यात तयारच होत नाही. हा फरक मला तोंडावर पडल्यावर कळला.)

दोन महिने तो शब्द अडला. कोमल रे लावून बघितला, भैरव झाला, सकाळी सहाचं रेडिओ स्टेशन. कोमल ग लावला तर सिनेमातलं रडगाणं. मग एकदा भाकरी खाता खाता बायको कोणाची तरी नक्कल करत होती आणि मला ती अंडीवाली बाई आठवली, तिचं वाक्य नाही, तिचा हेल. 'काया पडना' म्हणताना शेवट खाली आला होता, रडून नाही, नुसतं खांदा पडतो तसा, अर्धा सूर. मी हार्मोनियमवर शोधला. पांढरी दोनचा सा धरला तर ते होतं कोमल ध वरून प वर. भूपात शुद्ध ध चा कानाला इतका सराव झालेला असतो, आणि 'आसवं' च्या जागी तोच ध अर्ध्या सुरानं खाली येतो. नवा माणूस नाही आणला, ओळखीचाच माणूस जरा वाकून उभा केला. मांडणी अशी: सोप्रानो वरचा सा धरून, टेनर म वरून ग वर, अल्टो कोमल ध वरून प वर, आणि बास खालचा सा सोडतच नाही. पाश्चात्त्य हिशोबानं ही काही नवी गोष्ट नाही, मायनर फोर्थची कॉर्ड, शंभर गाण्यांत सापडेल. पण आमच्या लोकांनी पहिल्यांदा गायली तेव्हा कोणी वा म्हणालं नाही. सगळे गप्प, आणि एक बास म्हणाला, परत एकदा घ्या. तेव्हा कळलं की लागलं.

बासनं सा न सोडणं ही पण उसनवारीच आहे, कबूल करतो. इंग्लंडचा जॉन टॅव्हेनर, त्यानं १९९३ मध्ये ओळखीतली एक तरुण मुलगी सायकल अपघातात गेली तेव्हा तिच्यासाठी 'साँग फॉर अथीनी' केलं, ते पुढे १९९७ मध्ये डायनाच्या अंत्यविधीला शवपेटी बाहेर नेताना गायलं गेलं आणि जगभर झालं. त्यात बास पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच सूर धरून असतात. ऑर्थोडॉक्स चर्चची जुनी पद्धत आहे ती, पण आपल्याला ती शिकवावी लागत नाही, आपल्या घरात तंबोरा आहे. माझ्या पाच बासांना मी एवढंच सांगितलं की तुम्ही तंबोरा आहात, श्वास आळीपाळीनं घ्या, एकदम घेतलात तर तार तुटली समजा.

तुझ्या सरांच्या बोलण्यात अजून एक गोष्ट असेल की प्रत्येक अशा रचनेमागे कोणाचं तरी मरण असतं. असतं कधी कधी. लॉरिडसनचंच 'लुक्स एतेर्ना', १९९७ चं, आईच्या शेवटच्या आजारपणातलं, पाचही भागांचे शब्द प्रकाशावरचे. पण मरण तर सगळ्यांच्याच घरी होतं आणि प्रत्येक घरातून गाणं निघत नाही, त्यामुळे मला ते कारण पुरेसं वाटत नाही. तो माणूस तरुणपणी सेंट हेलेन्स डोंगराजवळ जंगलाच्या वणव्यावर नजर ठेवायच्या टॉवरवर एकटा राहायचा, नंतरही वॉल्ड्रन नावाच्या आडबाजूच्या बेटावर एका जुन्या दुकानाच्या घरात राहून काम करायचा. मला वाटतं ज्याला इतकी शांतता सोसवते त्यालाच रताळी उचलून ठेवता येतात. आमच्या घरी कुकरच्या शिट्टीला पण दोन शेजारी उत्तर देतात.

रताळ्यांचं म्हणशील तर 'पेंढ्या' मधून आम्ही जे काढलं ते राहिलं त्यापेक्षा जास्त आहे. सुरुवातीला कीबोर्डचं मोठं म्युझिक होतं, गेलं. ढोलकी होती, गेली, यावर भांडण झालं. दुसरं कडवं होतं, पावसावरचं, मला स्वतःला फार आवडायचं, ते पण गेलं, आणि खरं सांगतो अजून गुणगुणतो. आता क्वायरमध्ये शब्दच झालाय, कोणी नाताळला काही सजावट सुचवली की दुसरा विचारतो, "काका, हे रताळं आहे का?"

एक गोष्ट मात्र लॉरिडसनकडून घेता येत नाही आणि ती म्हणजे इमारत. त्याचं गाणं अशा जागेत खुलतं जिथे सूर सोडल्यावर छताला लागून परत येतो. आमची बरीचशी चर्चेस पत्र्याची, खिडक्या उघड्या, पंखे सुरू, सूर सोडला की मेला. त्यामुळे तिकडचे ते लांब लांब पॉज आपल्याकडे नुसते भोकं वाटतात. मी लय थोडी पुढे ठेवतो आणि कॉर्ड सोडताना बास अर्धी मात्रा जास्त धरतात, म्हणजे खोटा का होईना घुमारा तयार होतो. तुमचा हॉल कसा आहे ते टाळी वाजवून बघ आधी.

पहिल्यांदा गायलो ते २०२२ च्या सुगीला, त्याच गावात. व्यवस्थापनाच्या एका गृहस्थांनी आधीच सुनावलं होतं की सणाला रडकं गाणं कशाला, आनंदाचं घ्या. मी म्हटलं शेवटी पेंढ्या येतात, थांबा जरा. पण फजिती वेगळीच झाली. आधीच्या भजनासाठी कोणीतरी कीबोर्ड एक सूर वर ट्रान्सपोज करून ठेवलेला, माझ्या लक्षात नाही, मी पांढरी दोन दाबली आणि त्यातून पांढरी तीन निघाली. साथ नसल्यामुळे मधे दुरुस्त करायची सोयच नाही. शेवटच्या तार गंधाराला आमच्या सोप्रानोंचे चेहरे बघण्यासारखे झाले, दोघींनी तोंड उघडलं पण आवाज काढला नाही, शहाण्या बाया. कोमल ध मात्र बरोबर लागला. तेव्हापासून मी खिशात पिच पाइप, म्हणजे सूर देणारी छोटी शिट्टी, ठेवतो, कीबोर्डवर विश्वास ठेवत नाही.

ती अंडीवाली बाई होती त्या दिवशी. मी मुद्दाम जाऊन विचारलं, आजी कसं वाटलं. तिला सांगितलं नाही की तो हेल तिचा आहे, काय सांगणार. म्हणाली, "चांगलं व्हतं, पन ढोलकी कोठे गयी?"

आता तुझ्या सुराचं. रोज दहा मिनिटं दे. मोबाईलवर तंबोरा लाव, सा पांढरी दोनला. आधी ग म प, ग म प असं दहा वेळा साधं. मग ग आणि प तेवढेच, मधला म मनात. मग मनातला म थोडा वर सरकवून बाहेर काढ, 'व्हिर्' वर, हळू. एक धोका आहे, तो सूर लागला की तुला यमन आठवेल आणि गोड वाटायला लागेल, तू त्याच्यावर झुकशील, मींड येईल, आंदोलन येईल. ते नको. सरळ, काडीसारखा, जोर न देता, बाजूचा टेनर ऐकत. जोर दिलास तर लोकांना गायिका दिसेल, मरिया दिसायची नाही. आणि अल्टोंनी आपसात ठरवून टाका की त्या शब्दाआधी कोणीच श्वास चोरायचा नाही, तिथे एकीनं जरी श्वास घेतला तरी भोक पडतं. तुमच्यातल्या एखादीला अजिबात लागत नसेल तर तिला त्या एका शब्दाला गप्प राहायला सांग, वाईट वाटून घेऊ नका, मी पण हेच करतो.

सरगममध्ये लिहिलेला अल्टोचा पार्ट तुला फोटो काढून पाठवतो, आमच्या जुन्या लोकांसाठी डो-रे-मी मध्ये पण आहे. नाताळाला दोंडाईच्याला आलीस की एक दिवस धुळ्याला चक्कर मार. अल्टोत आम्हाला एक जण कमीच पडून राहिलंय, साक्रीची ती ताई एकटी दोघींचं गाते.